मागच्या फळीवरचे सिनेमे

आमच्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या व्हिडिओ लायब्ररीचे किस्से लिहा. हलकंफुलकं. गिऱ्हाइकांच्या गमतीजमती." मी हो म्हणलं. मग चार दिवस टेबलाशी बसलो आणि लक्षात आलं, की गमती फार थोड्या आठवतात. आठवतो तो राग. तेव्हा तोच लिहितो. छापायचं की नाही हे मंडळानं ठरवावं. या अंकाच्या निम्म्या वाचकांना ही हकिगत ठाऊक आहे, फक्त इतकी वर्षं ते ती उलटी सांगत आलेत.

ज्यांनी व्हिडिओ लायब्ररी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. हैदराबादेत, हिमायतनगरच्या एका गल्लीत, टिफिन सेंटर आणि औषधांचं दुकान यांच्या मधे माझं दुकान होतं. तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर कॅसेट. लोक सिनेमा घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. प्रत्येक सभासदाचं एक कार्ड, त्यावर त्यानं नेलेल्या सिनेमांची नावं. बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस दिवसभर पिक्चर बघत बसतो. खरं काम साफसफाईचं. पावसाळ्यात टेपला बुरशी यायची. कॅसेट उघडून स्पिरिटच्या बोळ्यानं टेप पुसायची, तुटली असली तर जोडायची, आणि परत आलेली प्रत्येक कॅसेट थोडी तरी लावून बघायची.

त्या बघण्यातून गिऱ्हाईक कळायचं. कॅसेट मधेच थांबवली की चित्र स्थिर राहतं, पण यंत्राच्या आतलं हेड फिरतच असतं आणि टेप त्याच जागी घासली जाते. एकच जागा पुन्हा पुन्हा थांबवली, मागं घेतली, परत लावली, की तिथं पांढऱ्या रेघा उमटतात. गाण्यांच्या कॅसेटवर रेघा कुठं आहेत यावरून गल्लीतल्या कुठल्या काकांना कुठली नटी आवडते हे मला पाठ होतं. मी कधी कुणाला बोललो नाही. हा धंद्याचा धर्म होता, असं तेव्हा मला वाटायचं.

पुढच्या फळ्यांवर सगळे चालणारे सिनेमे, तेलुगू आणि हिंदी. मागची एक फळी माझी. तिच्यावर खून, सूड, वेड, छळ, अंधार. आखाती देशांतून सुटीवर आलेले लोक सूटकेसमधून कॅसेट आणायचे. त्यांना हवी असायची मारामारी, तिकडचा दुकानदार ढिगातलं काहीही हातात द्यायचा. जे आवडलं नाही ते माझ्याकडं टाकून जायचे. डब्यावर नाव अरबीत, सिनेमा जपानी नाहीतर इटालियन, खाली इंग्रजी अक्षरं. मी ती अक्षरं वाचत वाचत इंग्रजी सुधारलं.

त्या फळीवरच्या एका जपानी सिनेमात एक नावाडी पहिल्या पाच मिनिटांत आपल्या भावाला मारतो. उरलेला दीड तास तो ते प्रेत लपवत फिरतो, बस्स. नावेत घालतो तर नाव कलते. खांद्यावर घेतो तर गुडघे वाकतात. चिखलात पाय रुततो, प्रेताचा हात त्याच्या मानेवर येऊन पडतो, भाऊ लहानपणी टाकत असेल तसा. शेवटी बघणाऱ्याला दम लागतो. मी तो पहिल्यांदा पाहिला आणि शटर अर्धं ओढून टिफिन सेंटरच्या पायरीवर बसून राहिलो. पुढच्या फळीवरचा नायक एका झटक्यात चाळीस माणसं उडवतो आणि त्यातल्या एकाचंही वजन आपल्याला कळत नाही. मेलेला माणूस जड असतो, हे मला त्या नावाड्यानं सांगितलं.

लोक म्हणायचे, "तुझी पिक्चरं हिंसक." अजूनही म्हणतात. अहो, पुढच्या फळीवर नायक नायिकेच्या थोबाडीत मारतो, ती गाल धरून लाजते, पुढच्या मिनिटाला डोंगरावर गाणं. त्याला तुम्ही फॅमिली पिक्चर म्हणता आणि पोराबाळांना मांडीवर घेऊन बघता. माझ्या फळीवर एका बाईला थप्पड बसली तर पुढची वीस मिनिटं तिच्या कानात शिटी वाजत राहते आणि ती आपल्यालाही ऐकू येते. कुणीच लाजत नाही, कुणी गात नाही. यातलं हिंसक कुठलं?

असे सिनेमे नेणारी माणसं मोजकी होती. हाशमीसाहेब त्यातले पहिले. कोर्टातून निवृत्त झालेले पेशकार, म्हणजे जजच्या शेजारी बसून एकेक फाईल पुढं करणारे. पांढरी शेरवानी, हातात छत्री, उन्हाळ्यातही. दुकानात आले की फळीकडं बघायचेसुद्धा नाहीत.

"मियाँ, ऐसी पिक्चर देव जिसमें कमीना बच जाता."

"का हो साहेब?"

"चालीस साल कोर्ट में वहीच देखा. घर में झूठ कायकू देखना?"

एकदा दोन पोलिस शिपाई आले आणि मागची अख्खी फळी पोत्यात भरून घेऊन गेले. ठाण्याचं नाव लिहीत नाही. तीन दिवसांनी तेच पोतं परत आलं आणि वर मलाच दम दिला. "कैसे कैसे पिक्चराँ रखते जी? एक में भी कुछ नै. बस, रोते, मरते." त्यांची निराशा मी समजू शकलो.

आणि शैलाताई.

शैलाताई आमच्याच मंडळातल्या. माहेर पुण्याचं, लग्न होऊन अंबरपेठेत आलेल्या. हिमायतनगरच्या एका लॅबमध्ये रक्त काढायच्या. दुपारी ड्युटी संपली की घरी जाताना दुकानात यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी पुढच्या फळ्या चाळल्या आणि मग मागच्या फळीकडं बोट केलं. मी म्हणलं, "ताई, ते नको. रक्तबिक्त असतं."

"भाऊ, मी दिवसाला चाळीस माणसांचं काढते," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून त्या माझ्या सगळ्यात कडक समीक्षक. नावाड्याचा सिनेमा परत आणताना म्हणाल्या, "चांगला आहे. पण भावाच्या सदऱ्यावरचा डाग संध्याकाळपर्यंत तसाच ओला चकचकीत दाखवलाय. रक्त तसं राहत नाही. घटकाभरात सुकतं, कापड कडक होतं."

मी खूश. इतकी वर्षं ज्या माणसाची वाट बघत होतो तो माणूस काउंटरच्या पलीकडं उभा होता. मी पुढच्या वेळेसाठी कॅसेट बाजूला काढून ठेवायला लागलो. ही न्या, ती न्या, यात प्रकाश बघा, त्यात आवाज ऐका. त्या ऐकून घ्यायच्या. कमी बोलायच्या, पण बोलल्या की नेमकं.

त्यांच्या नवऱ्याचं नाव मी लिहिणार नाही. गणपतीत आरतीला त्याचाच आवाज सगळ्यांत वर. कुणाच्या घरी मयत झाली तर पहिला हजर. असा माणूस.

आता त्या सिनेमाबद्दल सांगतो. गिऱ्हाइकांत त्याला 'बर्फाचा पिक्चर' म्हणत. पूर्व युरोपातला, कुठल्या देशाचा ते डब्यावर धड नव्हतं. बर्फाच्या कारखान्यात काम करणारी एक बाई. नवरा तिला मारतो. मार एकदाही दाखवलेला नाही. दिसतं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी ती बर्फाची लादी कुठल्या हातानं उचलते. एका सकाळी ती पिशवी भरते, दाराबाहेर येते आणि जिना उतरायला लागते. तीन मजले. कॅमेरा कुठंही न तुटता तिच्या मागं. खाली फाटकापाशी येते, कडीला हात लावते, थांबते. मग वळते आणि पुन्हा वर चढते. तासाभरानं ती नवऱ्याचा खून करते. तो प्रसंग भयंकर आहे. माझी काही गिऱ्हाइकं तिथं कॅसेट बंद करायची, आणि बाकीची तेवढ्यासाठीच कॅसेट न्यायची.

शैलाताईंनी तो वर्षभरात सहा वेळा नेला. त्याआधी टेप स्वच्छ होती, आणि त्या वर्षात दुसऱ्या कुणी तो नेला नाही. पाचव्यांदा परत आला तेव्हा मी लावून पाहिला. खुनाच्या प्रसंगावर एक रेघ नव्हती. रेघा होत्या फाटकापाशी. ती बाई कडीला हात लावते, तिथं पांढऱ्या रेघांचा झाडू फिरल्यासारखा.

पुढच्या भेटीत मी म्हणलं, "ताई, तुमची नजर मानली. तो जिन्याचा शॉट! लोक खून बघतात, तुम्ही जिना बघता."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग विचारलं, "भाऊ, ती परत वर का जाते?"

आणि मी सांगायला लागलो. वीस मिनिटं. की दिग्दर्शकानं प्रत्येक मजल्यावर उजेड कसा कमी केलाय, चढतानाचा पायांचा आवाज उतरतानापेक्षा कसा वेगळा आहे, कॅमेरा आधी मागं होता तो आता पुढं कसा आलाय. त्यांनी सगळं ऐकलं. मे महिना होता आणि त्यांच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज होता. मला तो दिसला होता. इथं खोटं लिहिणार नाही. दिसला होता.

शेवटी त्या म्हणाल्या, "कडी काढून बाहेर गेली असती तर कुठं गेली असती?"

"मग पिक्चरच संपला असता ना, ताई!" मी म्हणालो आणि हसलो.

त्याही हसल्या. आणि सहाव्यांदा तीच कॅसेट घेऊन गेल्या.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी त्यांच्या घरात जे झालं ते पुढं कोर्टात आलं, म्हणून मला ठाऊक आहे. त्यानं त्यांचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. लॅबची नोकरी सोड, हे सांगायची ती त्याची पद्धत. दुसऱ्यांदा दार ओढलं तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला ओट्यावरचा लोखंडी बत्ता लागला. तो त्यांनी त्याच्या डोक्यात घातला. तो पडल्यावर डोक्याला टॉवेल दाबून धरून शेजाऱ्यांना हाका मारणाऱ्याही त्याच. तो वाचला. त्यांना पोलिसांनी नेलं. खुनाचा प्रयत्न.

मंडळात आठवड्याभरात निकाल लागला. "तिचं डोकं फिरलेलंच होतं. कसले कसले पिक्चर बघायची." "बाई असून?" "तिथूनच शिकली." जी माणसं अंबरपेठेत त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होती, ज्यांना त्या भिंतीतून सगळं ऐकू जात होतं, त्यांना अचानक सिनेमा कळायला लागला. त्या घरातले आवाज ऐकले असं एकजणही म्हणाला नाही. ते आवाज दबावेत म्हणून टीव्ही मोठा करत होतो, असंही कुणी म्हणालं नाही.

मग नवऱ्याच्या बाजूचे वकीलसाहेब दुकानात आले. मंडळाचे जुने सभासद, गोड माणूस. बसले, चहा घेतला, मागच्या फळीसमोर उभं राहून म्हणाले, "वा! हा संग्रह हैदराबादेत दुसरीकडं नसेल." माझ्या फळीला आयुष्यात कुणी संग्रह म्हणलं नव्हतं. मग म्हणाले, "शैलाताईंची मनःस्थिती समजून घ्यायचीय. तरच कोर्टाला दया येईल. काय काय नेत होत्या?"

मी कार्ड काढून दिलं. त्यांनी एकेका नावावर बोट ठेवलं आणि मी एकेक गोष्ट सांगितली. नुसती सांगितली नाही, रंगवून सांगितली. बर्फाच्या सिनेमातला खून उभा राहून करून दाखवला. ते लिहून घेत होते.

साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं ते सरकारी वकिलाकडून, शैलाताईंच्या विरुद्ध. पिंजऱ्यात उभा राहिलो तर वकीलसाहेबांनी लिहून नेलेलं माझंच वर्णन मला वाचून दाखवलं, माझ्याच शब्दांत.

"हे सिनेमे आरोपी तुमच्याकडून नेत होती?"

"हो."

"यात पत्नी पतीचा खून करते?"

"हो, पण साहेब, तो सिनेमा—"

"हो की नाही?"

"हो."

"हा सिनेमा तिनं सहा वेळा नेला?"

"हो."

समोर शैलाताई उभ्या होत्या. उजव्या हाताला प्लास्टर. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. मला सिनेमातलं सगळं कळायचं, कॅमेरा कुठं ठेवलाय ते एका नजरेत सांगायचो. आणि एका गोड बोलणाऱ्या माणसानं मला असं वापरलं. त्या दिवशी उलटतपासणी झाली नाही, पुढची तारीख पडली.

बाहेर हाशमीसाहेब छत्री घेऊन उभे होते. कोर्टात अजून त्यांचा वावर होता. त्यांनी मला बाकावर बसवलं.

"क्या हुआ?"

मी सगळं सांगितलं. रेघांचंही. ते सरळ होऊन बसले.

"ये बात कोर्ट में बोले?"

"कुणी विचारलंच नाही."

"मियाँ, तुम अंदर कहानी सुना के आए," ते म्हणाले. "अब उस बिचारी की वकील के पास जाव, और जो आँख से देखे सो बताव."

शैलाताईंची वकील पद्मजा मॅडम. तेलुगू, वयानं तिशीतली, असला सिनेमा कधी न पाहिलेली. मी कॅसेट नेली आणि लावून दाखवली. रेघा आल्या तशी ती पुढं सरकली. "फिर से," म्हणाली. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर तिनं मला एकच गोष्ट बजावली. "कोर्ट में पिक्चर की तारीफ मत कीजिए. सिर्फ ये बताइए कि लाइनें कैसे पड़ती हैं."

उलटतपासणीत मी तेवढंच सांगितलं. टेप कशी असते, हेड कसं फिरतं, रेघ कशी पडते. आयुष्यभर केलेलं साफसफाईचं काम पहिल्यांदा कुणीतरी लिहून घेत होतं. सरकारी वकील म्हणाले, याचा खटल्याशी काय संबंध? जजसाहेब म्हणाले, दाखवा.

टीव्ही आणि व्हीसीआर मी दुकानातून ऑटोत घालून आणला. जजसाहेबांच्या खोलीत टेबलावर मांडला. दुपारची वेळ, पंखा फिरतोय, दोन्ही बाजूंचे वकील उभे, दाराशी शैलाताई आणि एक महिला पोलिस. आधी खुनाचा प्रसंग दाखवला. चित्र स्वच्छ, एक ओरखडा नाही. मग मागं घेऊन जिना. बाई पिशवी घेऊन उतरते, उतरते, फाटकापाशी येते, आणि त्या कडीवरच्या हातावर पांढऱ्या रेघा नाचायला लागल्या. ती वळली, चढायला लागली.

"एंदुकु वेनक्कि पोयिंदि?" जजसाहेब पुटपुटले. परत का गेली? ते कुणाला विचारत नव्हते, आपल्याशीच बोलत होते.

"सर, बाहर कोई नहीं था," शैलाताई म्हणाल्या.

पद्मजा मॅडमनी त्यांना खुणेनं गप्प केलं. मी यंत्र बंद केलं.

त्यानं निकाल फिरला असं मी म्हणणार नाही. सिनेमावाल्यांना तसं वाटायला आवडतं. निकाल फिरवला तो एक्स-रेंनी. मॅडमनी दोन दवाखान्यांतून जुने कागद काढले. मनगट, बरगडी, पुन्हा मनगट. प्रत्येक वेळी 'बाथरूममध्ये पडल्या' असं लिहिलेलं. स्वसंरक्षण मानून शैलाताई सुटल्या. पण उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. शीर चाचपून सुई घालायचं काम त्या बोटांचं असतं. ते गेलं.

निकालानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. माफी मागायची होती. शब्द तयार होते. त्यांनी मला सुरूच करू दिलं नाही.

"भाऊ, रेघा तुम्हाला आधीच दिसल्या होत्या ना?"

"हो."

"मग मला विचारलं का नाही?"

"मला वाटलं, तुम्हाला शॉट आवडला."

त्या एक पायरी उतरल्या. मग म्हणाल्या, "कुणी विचारावं म्हणून मी ती कॅसेट नेत नव्हते. ती एकटीच माझ्यासारखी होती म्हणून नेत होते. पण विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

आणि पद्मजा मॅडमच्या स्कूटरवर मागं बसून गेल्या.

यानंतर मंडळाचे चारजण दुकानात आले. म्हणाले, एवढं सगळं झालं, आता ती मागची फळी काढून टाका, समाजाच्या भल्यासाठी. मी विचारलं, "आणि त्याला मंडळातून काढणार का?" एकजण म्हणाला, "तो नवरा-बायकोचा प्रश्न आहे." मी सांगितलं, फळी राहील. मंडळातली बहुतेक घरं यायची बंद झाली. पुढं सीडी आली, मग मोबाईल, मग सगळ्यांचीच दुकानं बंद झाली, तसं माझंही. कॅसेट माळ्यावर आहेत. निम्म्यांना बुरशी लागली आहे.

आता हे सिनेमे बघणं म्हणजे फॅशन झालीय. मागच्या वर्षी गच्चीबावलीच्या आयटी कंपन्यांतल्या काही तरुणांनी बोलावलं. कॉफीचं दुकान, भिंतीवर पोस्टरं, मला 'लेजंड' म्हणून ओळख करून दिली. बरं वाटलं, नाही म्हणत नाही. मग एकानं विचारलं, "अंकल, तुमच्या कलेक्शनमधला सगळ्यात खतरनाक मर्डर कुठला?" बाकीचे पुढं झुकले. मी म्हणलं, "बाळा, तुम्ही पुढच्या फळीचंच गिऱ्हाईक आहात. फक्त अंधार जास्त लागतो तुम्हाला." त्यांना ती कोटी वाटली. टाळ्या वाजवल्या.

मला हे सिनेमे आवडतात, अजून आवडतात, आणि त्याची लाज वाटत नाही. माझा राग सिनेमावर नाही. मार बघून शिट्टी वाजवणाऱ्यावर आहे, मार ऐकून टीव्ही मोठा करणाऱ्यावर आहे, आणि मार दिसत असताना प्रकाशयोजना समजावून सांगणाऱ्यावर आहे. तो तिसरा मी.

आता गेल्या गणपतीतलं. रविवारी सकाळी मंडळात ज्येष्ठांचा सत्कार होता. यादीत माझं नाव. 'मनोरंजन क्षेत्रातील सेवेबद्दल.' स्टेजवर जाऊन बसलो तर शेजारच्या खुर्चीवर तो. 'सामाजिक कार्याबद्दल.' केस पांढरे झालेले, कपाळाच्या वर खूण. त्यानं माझ्याकडं बघून हात जोडले. खाली पहिल्या रांगेत तेच वकीलसाहेब.

माझं नाव पुकारलं. मी शाल घेतली नाही, माईक घेतला. म्हणलं, "शैलाताईंचा हात याच माणसानं दारात चिरडला होता. तुमच्यातल्या कितीतरी जणांना तेव्हाही माहीत होतं. मलाही दिसत होतं. ज्या स्टेजवर हा बसतो तिथं मी बसणार नाही." एवढंच बोलायला मिळालं. माईक बंद झाला. कुणीतरी ओरडलं, "अहो, सणाच्या दिवशी काय हे!" मला दोघांनी हाताला धरून खाली उतरवलं, प्रेमानं, म्हाताऱ्याला उतरवतात तसं. मागं बाप्पाचा जयजयकार सुरू झाला, आणि त्यात त्याचा आवाज सगळ्यांत वर.

बाहेर चपला शोधत होतो. तेवढ्यात एक मुलगी मागून आली. तीस-बत्तीसची असेल, पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या जोडप्यांपैकी, गळ्यात कंपनीची पट्टी घालूनच फिरतात तसली. खाली वाकून सँडलचा पट्टा लावत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "काका, त्या शैलाताई आता काय करतात?"

मी सांगितलं. अंबरपेठेत मुलींना लॅबचं काम शिकवतात. स्वतःला सुई धरता येत नाही, तोंडी सांगतात. उरलेला वेळ पद्मजा मॅडमच्या ऑफिसात. कुणा बाईला दवाखान्यात, ठाण्यावर सोबत लागली तर या जातात.

"नंबर आहे त्यांचा? माझ्या एका मैत्रिणीला हवाय."

"आहे," मी म्हणलं. मग विचारलं, "तू बरी आहेस ना, बेटा?"

तिनं हॉलच्या दाराकडं एकदा बघितलं. आत टाळ्या चालल्या होत्या. "मैत्रिणीला हवाय," ती पुन्हा म्हणाली.

मी नंबर सांगितला, एकेक आकडा सावकाश. तिनं मोबाईलमध्ये घातला. नावाच्या जागी तिचा अंगठा जरा वेळ थांबला, मग तिनं लिहिलं, 'लेडीज टेलर', आणि फोन पर्समध्ये टाकून परत आत गेली.